मऊ विभूती

"अप्पा, एक वडी द्या की विभूतीची," कावेरी म्हणाली आणि ईश्वरप्पाच्या हातातली बेलाची जुडी खाली पडली.

आता लेकीनं बापाच्या दुकानात येऊन विभूतीची वडी मागितली, त्यात एवढं दचकायचं कारण काय? दुकानच विभूतीचं. परळीत वैजनाथाच्या पायऱ्या उतरलं की उजव्या हाताला बेल, रुद्राक्ष, गळ्यात इष्टलिंग बांधायचा शिवदारा आणि परातीत रचलेल्या पांढऱ्या वड्या घेऊन ईश्वरप्पा बसायचा. त्याच्या आधी त्याचा बाप बसायचा, त्याच्या आधी आजा. शिवरात्र तोंडावर आलेली, परात शिगोशिग भरलेली. मागेल त्याला द्यायची, एवढंच काम. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही उगाच नाही.

"कावून?" बेल गोळा करत तो म्हणाला. "कपाळाला लावायला घरी हाय की देवघरात."

"लावायला न्हाई, अप्पा. मायक्रोस्कोपखाली बघायला."

ईश्वरप्पा वाकला होता तो वाकलेलाच राहिला.

कावेरी पुण्याला दगडांचा अभ्यास करायची. डॉक्टर होणार होती, पण माणसांची नव्हे, दगडांची. शेजारपाजारचे हसायचे, ईश्वरप्पाही हसण्यावारी न्यायचा आणि आतून फुगायचा. ती शिकली त्या परळीतल्याच कॉलेजानं तिला भाषणाला बोलावलं होतं. उद्या सकाळी भाषण, म्हणून ती काल रात्रीच्या गाडीनं आली होती, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात लेकरासारखी जपलेली मायक्रोस्कोपची पेटी घेऊन.

"पोरांना तीन राखा दाखवणार हाय," ती उत्साहानं सांगू लागली. "परळीची पोरं, राखेतच लहानाची मोठी झालेली. एक ज्वालामुखीची राख, ती माझ्याजवळ हाय. एक थर्मलची, वीज केंद्रातल्या कोळशाची. ती सकाळीच वीटभट्टीवरून आणली. आन् तिसरी आपली विभूती. मोठ्या पडद्यावर दिसतंय सगळं. राखेराखेत केवढा फरक असतो ते बघतील तरी."

शेजारी बसलेला श्रीशैल, ईश्वरप्पाचा मेव्हणा, कौतुकानं म्हणाला, "बघा दाजी! आपली विभूती सिनेमात चालली."

तेवढ्यात एक म्हातारी मावशी पुढं आली. नेहमीचं गिऱ्हाईक. दोन वड्या उचलून तिनं एक गालाला लावून पाहिली. "साऱ्या परळीत तुमचीच विभूती, मालक. लई मऊ. दुसरीकडची नुसती खरबरीत लागती." ईश्वरप्पानं तिच्याकडं न बघता मान हलवली.

"इथली नको," तो कावेरीला म्हणाला. "गिऱ्हाइकाचे हात लागलेली असती. घरची देतो तुला, देवघरातली."

कावेरी क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि निघून गेली.

विभूती करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. देशी गाईचं शेण आणायचं, गोळे करून वाळवायचे, शिवरात्रीला तुसाच्या आगटीत घालून पेटवायचे. आग धुमसत राहते, घाई करून चालत नाही. मग ती राख वस्त्रगाळ करायची, पाण्यात कालवून निवू द्यायची, वरचं काढून टाकायचं, खाली बसलेल्या साक्याच्या वड्या थापायच्या. हे सगळं बसम्मा करायची, ईश्वरप्पाची बायको. ईश्वरप्पाचं काम दुकानात बसून बोलायचं. बसम्माचे गुडघे गेले, गावातल्या गाई कमी झाल्या, शिवरात्रीची गर्दी मात्र दरसाल वाढत गेली. वड्या पुरेनात. शेजारच्या दुकानात ढीग लागलेले आणि आपली परात दुपारीच रिकामी, हे काही त्याला बघवेना.

थर्मलची राख परळीत कुणाला शोधत जावं लागत नाही. ट्रक जातो तशी रस्त्यानं सांडते, वीटभट्ट्यांवर डोंगर पडलेले असतात. एके वर्षी ईश्वरप्पानं पिशवीभर आणली. बोटांतून पाण्यासारखी गळणारी, बारीक. थोडी खडूची माती घालून रंग जमवला, बसम्मानं गाळून ठेवलेल्या राखेत ती मिसळली, आणि मनाची समजूत घातली. वाळत घातलेल्या वड्यांवर उडून बसतेच की ही, थोडी वरून बसते, थोडी आपण घातली, त्यात काय बिघडलं? पुढच्या वर्षी पिशवीचं पोतं झालं. खोटं एकदा घरात शिरलं की पाय पसरतं.

बसम्माला त्यानं सांगितलं नाही. उलट तिनंच वडी हातात घेऊन म्हटलं होतं, "अवो, यंदा लई मऊ झालीय वो. असं काय केलं मी?" तिचा उजळलेला चेहरा बघून त्याचं तोंड शिवल्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र त्यानं पाळली. देवघरात बसम्माच्या हातच्या जुन्या, निखळ वड्या त्यानं डब्यात बाजूला ठेवल्या. रोज इष्टलिंगाची पूजा त्या वड्यांनी, स्वतःच्या कपाळाला त्याच. दुकानातली मिसळीची विभूती त्यानं एकदाही स्वतःला लावली नाही. देवाला आणि स्वतःला खरी, आणि सगळ्या दुनियेला खोटी. असा त्याचा हिशोब.

तो हिशोब एका सकाळी त्याच्यावरच उलटला. बसम्मा पहाटे उठली, चूल पेटवायला बसली आणि तिथंच कलंडली. छातीत कळ आली म्हणायलासुद्धा तिला वेळ मिळाला नाही. दुपारी तिला समाधी द्यायला नेलं. लिंगायताचं माणूस जातं ते बसून जातं. तळहातात इष्टलिंग, अंगाला विभूती, भोवती बेल आणि विभूतीच्या वड्या, मग माती. जंगमस्वामी म्हणाले, विभूती आणा. आणि श्रीशैल रडत रडत दुकानाकडं धावला. घरचंच दुकान असताना बाहेरून कुठं आणायची? टोपलं भरून वड्या घेऊन आला.

ईश्वरप्पा खड्ड्याच्या काठावर उभा होता. घर काही लांब नव्हतं. देवघरातल्या डब्यात तिच्याच हातच्या वड्या होत्या. "थांबा, ही नको," एवढं म्हटलं असतं तरी कुणीतरी पळत जाऊन आणल्या असत्या. पण मग लोक विचारणार, ही का नको? सगळी बिरादरी भोवती उभी. तो मूग गिळून उभा राहिला. स्वामींनी थर्मलची राख तिच्या कपाळाला, दंडाला, गळ्याला लावली, उरलेल्या वड्या भोवती रचल्या, आणि ईश्वरप्पानं आपल्या हातानं पहिली मूठ माती टाकली.

कावेरी तेव्हा बारावीत होती. टोपल्यातली एक वडी उचलून तिनं ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली. पुढं पुण्याला जाताना ती वडी एका छोट्या डबीत घालून घेऊन गेली. परीक्षेला, मुलाखतीला, डोंगरात दगड गोळा करायला जाताना त्या वडीवर बोट घासून कपाळाला लावायची. फोनवर सांगायची, "अप्पा, अव्वाची विभूती लावली, पेपर चांगला गेला." हे ऐकलं की ईश्वरप्पाला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

संध्याकाळी तो दुकानातून लवकर घरी आला. कावेरीनं पुढच्या खोलीत टेबलावर मायक्रोस्कोप मांडला होता.

"या, अप्पा. पहिल्यांदा ज्वालामुखीची बघा."

त्यानं डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला, मग वाकड्यातिकड्या, धारदार चिपा.

"बांगड्या फुटल्यावानी दिसतंय की गं."

"काचच हाय ती. ज्वालामुखी उसळला की आतला रस फेसाळतो आन् उडता उडता थिजतो. त्या फुटलेल्या बुडबुड्यांच्या चिपा या. लांब चीनकडच्या वाळवंटातल्या एका खोल विहिरीतला दगड हाय हा. आमच्या सरांनी दिलेला. याच्यात तेल असतंय, अप्पा. खनिज तेल."

"राखेत तेल?"

"तेच तर मी शिकायलेय." ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली, लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी. फक्त आता सांगणारी ती होती. "ही राख तळ्यात पडली. तळ्यात शेवाळ, पाला, मासे, सगळं मरून गाळात बसलेलं. त्याच्यावर राख, तिच्यावर परत गाळ. करोडो वर्षं असं दडपत गेलं. खाली उष्णता वाढली आन् त्या कुजलेल्या गाळातून तेल सुटलं. ते शेजारच्या राखेत शिरलं."

"राख तर दगड झाली म्हणतीस. शिरंल कुठनं?"

"गाळातून आंबट पाणी सुटतंय, त्यानं राखेतली काच विरघळली. बारीक बारीक भोकं पडली, डोळ्यांना न दिसणारी. त्यात तेल जाऊन बसलं. पण विरघळलेलं सगळं परत थिजलं आन् त्यानं येण्याजाण्याच्या वाटा बुजल्या. घरं लई, दारं न्हाईत. हातात घेतला तर दगड कोरडा लागतो. विहीर पाडली तरी आपसूक थेंब वर येत न्हाई. आन् आत भरलेलं असतंय."

"मग काढतेत कसं?"

"दाब देऊन. पाणी इतक्या जोरानं मारतेत की दगडाला चिरा पडतेत. आन् चीर पडली की तिच्यात वाळू भरावी लागती. न्हाईतर दाब गेला की ती परत मिटती."

ईश्वरप्पानं गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "आपल्या डोंगरात निघंल का गं?"

"आपला बालाघाट सगळा ज्वालामुखीचाच, पण तेल न्हाई. नुसती राख असून भागत न्हाई, अप्पा. शेजारी काहीतरी कुजत पडलेलं लागतंय."

ही दगडाचं सांगतेय की आपलं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं लेकीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती दुसरी काच सरकवण्यात गुंतली होती.

"ही थर्मलची."

त्यानं पाहिलं आणि त्याच्या पाचावर धारण बसली. गोल मणी. लहानमोठे, पण एकजात गोल, गुळगुळीत, काचेचे. चिपा नाहीत, काही नाही. शाळेतल्या पोरालासुद्धा एकदा दाखवले तर दुसऱ्यांदा ओळखू येतील असे.

"भट्टीत कोळशातली माती वितळती आन् धुरात उडताना तिचे असे थेंब होतेत," कावेरी म्हणाली. "म्हणून ती हाताला इतकी मऊ लागती. मणी घरंगळतेत ना."

म्हणून मऊ! इतकी वर्षं ज्या मऊपणाची गिऱ्हाइकं तारीफ करत होती, जो बघून बसम्मा हरखली होती, तो हा असा. ईश्वरप्पा उठला, देवघरात गेला आणि डब्यातली वडी घेऊन आला. बसम्माच्या हातची. तिच्या बोटांचे ठसे अजून कडेला होते.

कावेरीनं चिमूटभर घासून घेतली, काचेवर पसरली, पाहिली. "बघा. गवताच्या काड्यांचे सांगाडे हायत नुसते. गाईनं खाल्लेलं गवत जळालं तरी त्याचा आकार राहतो. एक मणी न्हाई. निखळ हाय ही."

"मग हीच दाखव उद्या," ईश्वरप्पा घाईनं म्हणाला. त्याच्या छातीवरचं ओझं जरा हललं. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

"ही दाखवते. आन् ही पण." कावेरीनं पर्समधून ती छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. "अव्वाची. पोरांना सांगणार हाय, ही माझ्या आईच्या समाधीच्या वेळची."

कावेरीनं झाकण उघडलं. वडी झिजून सुपारीएवढी राहिली होती. एवढ्या परीक्षा, एवढे डोंगर त्या वडीतून गेले होते. ईश्वरप्पाला खड्ड्याचा काठ दिसला, श्रीशैलचं टोपलं दिसलं. गप्प बसलं तर काय होईल? उद्या पडद्यावर सगळ्या गावासमोर ते मणी लेकीलाच दिसतील. बायकोच्या वेळी गप्प बसलो, आता लेकीच्या वेळीही गप्प बसायचं? जनाची नाही तरी मनाची काही असावी की नाही?

"ती बघू नको," तो म्हणाला.

"कावून?"

"ती... निखळ न्हाई." मग बांध फुटावा तसं झालं. "थर्मलची राख हाय तिच्यात, कावेरी. मीच घालत होतो. आता वड्या मीच थापतो, अजून घालतो. तुझ्या अव्वाला ठावं नव्हतं. तिच्या हातच्या वड्या घरात असताना मी तिला ती लावू दिली. मी तिथंच उभा होतो. माझं तोंड उघडलं न्हाई."

त्याला वाटलं, आता पोर रडेल, नाहीतर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. कावेरीनं डबीचं झाकण लावलं.

"मला माहीत हाय, अप्पा."

"काय?"

"पुण्याला गेले, पहिल्यांदा मायक्रोस्कोप हातात मिळाला, तवा सगळ्यात आधी मी काय ठेवलं असंल त्याच्याखाली? मॅडमनी काहीही आणा म्हटलं. मी अव्वाची विभूती ठेवली. मणीच मणी. मॅडम म्हणल्या, ही तर फ्लाय अ‍ॅश, कुठल्या भट्टीवरची आणलीस? मी म्हणलं, हो, भट्टीवरचीच." तिनं डबी मुठीत धरली. "दोन दिवाळ्या आले न्हाई ना मी? परीक्षा हाय म्हणून सांगितलं, पण परीक्षा नव्हती. तुमचं तोंड बघवत नव्हतं मला."

ईश्वरप्पा भिंतीला टेकून खाली बसला.

"मग फोनवर सांगायचीस ते? अव्वाची विभूती लावली म्हणून?"

"लावतच होते. अव्वाबरोबर जी गेली तीच हाय ना ती. दुसरी कुठून आणू?" तिनं डोळे पुसले. "आन् फोनवर मुद्दाम सांगायचे. वाटायचं, आज तरी बोलतील. तुमी आपलं, बरं बरं, जेवलीस का. आज दुकानात वडी मागितली ती पण त्याच्याचसाठी. तुमी काय देता ते बघायचं होतं. देवघरातली देतो म्हणलात, तवा लई राग आला मला. वाटलं, जावं निघून."

"जायचं होतंस."

"काय बोलताव, अप्पा!"

बाहेरून एक ट्रक गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या. मग कावेरीनं विचारलं, "उद्या कुठली दाखवू?"

देवघरातली वडी टेबलावर होती. तिच्याकडं बोट दाखवलं असतं तर गोष्ट चार भिंतींच्या आत राहिली असती. लेकीनं माफ केलंच होतं, किंवा करत आणलं होतं. ईश्वरप्पानं त्या वडीकडं बघून घेतलं.

"दुकानातली दाखव," तो म्हणाला. "थर्मलच्या शेजारी ठेव. आन् कुठली म्हणून विचारलं की दुकानाचं नाव सांग."

"लोक तोंडावर थुंकतील, अप्पा. तीन पिढ्यांचं दुकान हाय."

"थुंकू दे. मी येतो तिथं. नुसतं तुझ्या एकटीच्या तोंडाकडं नको बघायला त्यांनी."

मग त्यानं श्रीशैलला फोन लावला. "परातीतल्या सगळ्या वड्या पोत्यात भर आन् घरी आण. उद्या नुसता बेल मांड... अरे, सांगतो नंतर. कुणी विभूती मागितली तर न्हाई म्हण. संपली म्हणू नको. न्हाई म्हण."

सकाळी अंघोळ करून तो देवघरात बसला. तळहातावर इष्टलिंग घेतलं, पूजा केली, आणि कपाळासाठी सवयीनं हात डब्याकडं गेला. तिथंच थांबला.

"कावेरी, तुझी ती डबी दे जरा."

तिनं काही न विचारता आणून दिली. त्यानं तीन बोटं ओली केली, त्या सुपारीएवढ्या तुकड्यावर हळूच घासली, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या दुकानातली मिसळीची विभूती आपल्या कपाळाला लावली. खरंच मऊ होती. बसम्मा म्हणाली होती तशीच. त्याला रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

कॉलेजला जायची वाट दुकानावरून जाते. शिवरात्रीची गर्दी सुरू झाली होती. श्रीशैल रिकाम्या परातीपुढं गोंधळून बसला होता आणि कालची मावशी त्याच्याशी हुज्जत घालत होती. ईश्वरप्पाला बघताच ती त्याच्याकडं वळली.

"हे काय वो मालक? सणाच्या तोंडावर विभूती न्हाई म्हणतोय ह्यो. आन् तुमच्या कपाळाला कुठनं आली मग?"

मायक्रोस्कोपची पेटी धरून कावेरी थांबली. ईश्वरप्पानं कपाळाला हात लावला नाही, मानही खाली घातली नाही.

"ही आमच्या हिची हाय, मावशी," तो म्हणाला. "तुमी पण चला कॉलेजात. तिथं सांगतो."